कॉम्प्रेसर ‘गेला’ म्हणण्याआधी

मे महिन्यात श्रीरामपुरात पारा चाळिशीच्या आसपास असतो. अशा दुपारी फ्रिजमागची नेहमीची घरघर थांबली, की घरात धांदल उडते. दूध, दही, सकाळची भाजी यांची काळजी असतेच. पण घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर खरा घोर इन्सुलिनचा. आतला दिवा लागतो, गारवा मात्र नाही. मग ‘कॉम्प्रेसर गेला’ असा निकाल लागतो आणि काही हजारांचा खर्च समोर उभा राहतो. हा निकाल अनेकदा घाईचा असतो. कॉम्प्रेसर न चालण्याची बरीच कारणे त्याच्या बाहेर असतात आणि ती दुरुस्त करणे स्वस्त असते.

मोटार सुरू कशी होते?

फ्रिजच्या तळाशी मागे दिसणाऱ्या काळ्या डब्यात मोटार आणि पंप एकत्र सीलबंद असतात. घरगुती सिंगल फेज विजेवर ही मोटार आपोआप फिरू लागत नाही. सुरुवातीला तिला धक्का लागतो. त्यासाठी आत दोन वायंडिंग असतात, एक चालवणारे आणि एक सुरू करणारे. सुरू करणाऱ्या वायंडिंगला क्षणभर वीज देऊन ती तोडण्याचे काम डब्याच्या बाजूला बसवलेला छोटा रिले करतो. शेजारीच ‘ओव्हरलोड’ असतो. मोटार अडकली किंवा फार तापली, की तो वीज तोडतो.

आधी व्होल्टेज

दिवा लागला म्हणजे वीज पुरेशी आहे, असे नाही. कमी व्होल्टेजवरही दिवा लागतो. मोटारीचा सुरुवातीचा जोर मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर जोर जेमतेम ६० टक्के उरतो. गावापासून दूर, लाइनच्या टोकाला असलेल्या वस्त्यांवर शेतीपंप सुरू असताना हा अनुभव येऊ शकतो. म्हणून व्होल्टेज मोजायचे ते मोटार सुरू होण्याचा प्रयत्न करते त्याच क्षणी.

वीज येऊन-जाऊन असेल, तर फ्रिज पाच मिनिटे बंद ठेवावा. तेवढ्यात आतल्या गॅसचा दाब दोन्ही बाजूंनी सारखा होतो आणि तापलेला रिले थंडावतो. बरेचसे स्टॅबिलायझरही वीज आल्यावर काही मिनिटे थांबूनच पुरवठा सुरू करतात. तो बिघाड नव्हे. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवण्याच्या वेळीही कॉम्प्रेसर काही काळ बंद राहतो. थर्मोस्टॅटचे बटण चुकून शून्यावर फिरले नाही ना, हेही पाहावे.

आवाज काय सांगतो?

कॉम्प्रेसर अगदी गप्प आणि गार असेल, तर त्याच्यापर्यंत वीज पोहोचतच नसावी. अशा वेळी वायर, थर्मोस्टॅट किंवा ओव्हरलोड तपासावा लागतो. काही सेकंद ‘हूंऽऽ’, मग ‘टक्’, थोड्या वेळाने पुन्हा तेच आणि डबा चांगलाच गरम, असे असेल तर वीज पोहोचते आहे, पण मोटार फिरत नाही. संशय कमी व्होल्टेज, रिले, कपॅसिटर आणि शेवटी आत जाम झालेल्या पंपावर घ्यावा.

यापुढचे काम मेकॅनिकचे. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि तिचा झटका बसू शकतो. मात्र तो काय पाहतो, हे ग्राहकाला माहीत असावे. काढलेला रिले कानाजवळ हलवल्यावर आत खुळखुळ वाजले, तर त्यातली चकती बहुधा फुटलेली असते. रिले बदलणे हे स्वस्तातले काम आहे.

मग मल्टीमीटर. डब्याला तीन पिना असतात. दोन-दोन पिनांमधला रोध मोजला, तर दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्याएवढी यायला हवी; उदाहरणार्थ १२ आणि १८ ओहम, तर तिसरा ३०. एखाद्या जोडीत मीटर काहीच दाखवत नसेल, तर वायंडिंग तुटले आहे. कोणतीही पिन डब्याच्या पत्र्याशी जोडलेली दिसली, तर वायंडिंग पत्र्याला चिकटले आहे आणि शॉकचा धोका आहे. मग कॉम्प्रेसर खरोखरच गेला. हे आकडे समोर मोजून दाखवायला सांगण्यात गैर काही नाही.

इन्व्हर्टर फ्रिजला हा हिशोब लागू होत नाही. त्याची मोटार इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालते, त्यामुळे बिघाड बोर्डातही असू शकतो. शिवाय आजच्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील गॅस असतो. तो भरलेला असताना बंद स्वयंपाकघरात वेल्डिंगची ज्योत पेटवू देऊ नये.

तोवर औषधाचे काय?

दार बंद ठेवल्यास आतला गारवा साधारण चार तास टिकतो. त्यानंतर दूध आणि शिजवलेले अन्न नुसत्या वासावर विसंबून खाऊ नये.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालते. नेमकी मुदत सोबतच्या पत्रकात असते. उन्हाळ्यात खोलीच त्यापेक्षा तापते. अशा वेळी बाटली कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घालून ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात सावलीत ठेवावी. बर्फाला थेट टेकवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. उष्णतेने औषधाचा गुण उतरला तरी ते दिसायला तसेच राहू शकते. म्हणून फ्रिज बंद पडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि साखर अकारण वाढू लागली तर डॉक्टरांना ती सांगावी.