चिप, टॅग की जीपीएस पट्टा? घरात छोटी कुत्री असतील तर आधी काय घ्यायचं?

"कुत्र्याला चिप बसवली की ते कुठे आहे हे मोबाईलवर दिसतं ना?"

माझ्या घरी तीन छोटी कुत्री आहेत हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सरळ आहे : नाही, दिसत नाही. चिप वेगळी, ब्लूटूथ टॅग वेगळा आणि जीपीएस पट्टा वेगळा. दुकानदार आणि रील बनवणारे तिघांनाही 'ट्रॅकर' म्हणून मोकळे होतात आणि आपण चुकीच्या वस्तूवर पैसे घालतो. म्हणून आज कोणती वस्तू नक्की काय करते आणि कुठे कमी पडते ते नीट समजून घेऊ.

आमचं घर वलगावात, परतवाडा रोडपासून फार लांब नाही. एक पग, दोन पामेरियन, आणि त्यातली सगळ्यात लहान जेमतेम तीन किलोची. एक कुत्रं असेल तर फाटक उघडताना लक्ष ठेवता येतं. तीन असली की एकाला धरेपर्यंत दुसरं पायातून निसटतं. आणि बाहेर ट्रक, ऊसाच्या ट्रॉल्या, एसटी. त्यामुळे हा विषय आमच्यासाठी गॅजेटच्या हौसेचा नाही.

चार वस्तू, चार वेगळे प्रश्न

• मायक्रोचिप : हे कुत्रं कोणाचं आहे?
• ब्लूटूथ टॅग : ते कोणत्या फोनच्या जवळून शेवटचं गेलं?
• जीपीएस पट्टा : ते आत्ता साधारण कुठे आहे?
• कॅमेरा : घरात काय चाललंय?

यातली एकही वस्तू 'कुत्रं बाहेर जाऊच नये' या प्रश्नाचं उत्तर देत नाही. हे डोक्यात ठेवून पुढे वाचा.

१. मायक्रोचिप : बॅटरी नाही, म्हणून लोकेशनही नाही

मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड. जनावरांचे डॉक्टर ती जाड सुईने मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतात. आत एक तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि एक छोटं सर्किट. बॅटरी नाही, सिम नाही.

मग चालते कशी? रीडर जवळ आणला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे गुंडाळीत किंचित वीज तयार होते. तेवढ्या विजेवर चिप आपला १५ आकडी नंबर सांगते आणि परत गप्प बसते. हे सगळं काही सेंटिमीटरच्या अंतरात घडतं. रीडर लांब गेला की चिप बंद.

"माझ्या फोनमध्ये एनएफसी आहे, त्याने वाचता येईल का?" नाही. फोनचं एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं, कुत्र्याची चिप १३४.२ किलोहर्ट्झवर. जवळजवळ शंभरपट फरक. एफएमच्या रेडिओवर वायफाय पकडायला बसल्यासारखं आहे ते.

दुसरी गोष्ट : चिपमध्ये तुमचं नाव किंवा पत्ता नसतो, फक्त नंबर असतो. तो नंबर कुठल्या नोंदणीत तुमच्या मोबाईल नंबरशी जोडला असेल तरच उपयोग. त्यामुळे बसवण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची आहे का, नोंदणी कुठे होणार, आणि आपल्या भागात रीडर कोणाकडे आहे. सिम बदललं तर नोंदणीतला नंबरही बदला.

एवढ्या मर्यादा असूनही एकापेक्षा जास्त कुत्री असणाऱ्यांनी चिपचा विचार आधी करावा असं मी म्हणतो. कारण कुत्री आपसात खेळताना एकमेकांचे पट्टे चावतात. कधी एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो, दोघंही घाबरून ओढतात आणि गळा आवळला जातो. म्हणून घरात मोकळं सोडताना पट्टे काढून ठेवलेले बरे. पट्टा काढला की त्यावरचा टॅगही गेला. अंगावर कायम राहते ती फक्त चिप.

२. ब्लूटूथ टॅग : दुसऱ्यांच्या फोनवर चालणारी वस्तू

ॲपलचा एअरटॅग एप्रिल २०२१ मध्ये आला. गुगलने अँड्रॉइडसाठी तसंच नेटवर्क एप्रिल २०२४ मध्ये सुरू केलं, त्याचं ॲप आता 'फाइंड हब' नावाने मिळतं. दोन्हींचं तत्त्व एकच. टॅगमध्ये जीपीएस नसतं. तो ब्लूटूथवर फक्त 'मी इथे आहे' असा बारीक आवाज देत राहतो. जवळून जाणारा अनोळखी फोन तो ऐकतो, स्वतःचं लोकेशन त्याला जोडतो आणि कूटबद्ध करून सर्व्हरवर पाठवतो. तुम्हाला नकाशावर जो ठिपका दिसतो, तो खरं तर त्या फोनचा असतो.

म्हणजे आजूबाजूला फोन असतील तरच टॅग उपयोगी. अमरावतीत राजकमल चौकात तो झकास चालेल. वलगावच्या बाहेर, दुपारी दोन वाजता, पऱ्हाटीच्या वावरात कोणाचा फोन जवळून जाणार?

अँड्रॉइडमध्ये आणखी एक बारकावा आहे. गुगलच्या नेटवर्कची मूळ सेटिंग 'फक्त जास्त वर्दळीच्या ठिकाणी' अशी असते. कोणाचा पाठलाग होऊ नये म्हणून अनेक फोनना टॅग दिसल्यावरच लोकेशन कळवलं जातं. एकट्यादुकट्या फोनला दिसलेला टॅग कळवला जात नाही. सेटिंग्जमध्ये गुगल, मग फाइंड हब, मग ऑफलाइन डिव्हाइस शोधण्याचा पर्याय उघडला की ती 'सगळ्या ठिकाणी' अशी बदलता येते. पण आपल्या एकट्याच्या फोनमध्ये बदलून भागत नाही. घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या फोनमध्येही बदलली तर गल्लीत फरक पडतो.

आता धोक्याची गोष्ट. बहुतेक टॅगमध्ये सीआर२०३२ ही नाण्यासारखी लिथियमची चपटी बॅटरी असते. एका कुत्र्याच्या गळ्यातला टॅग दुसऱ्याने चावून फोडला आणि बॅटरी गिळली, तर ती अन्ननलिकेत अडकून ओल्या जागेत वीज सोडते. त्यातून तीव्र अल्कली तयार होऊन आतली जागा भाजते. हे काही तासांत होतं, कधी त्याहूनही लवकर. असं झालं तर घरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट डॉक्टर गाठा आणि 'बटण बॅटरी गिळली' हेच शब्द सांगा. ॲपलने तर सुरुवातीलाच म्हटलं होतं की एअरटॅग वस्तूंसाठी आहे, पाळीव प्राण्यांसाठी नाही.

टॅग वापरायचाच असेल तर लोंबणारा नको. पट्ट्याच्या आत शिवून बंद होणारं कव्हर घ्या, आणि फिरायला नेतानाच बांधा.

३. जीपीएस पट्टा : उशीर किती होतो ते मोजा

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. पट्टा त्यांचे सिग्नल ऐकून आपली जागा काढतो, पण ती जागा तुमच्या फोनपर्यंत पोचवायला त्याला मोबाईल नेटवर्कच लागतं. म्हणून आत सिम असतं, रिचार्ज असतो, आणि दर काही दिवसांनी चार्जिंग असतं. तीन कुत्री म्हणजे हे सगळं गुणिले तीन.

वजनाचाही हिशोब करा. ३५ ग्रॅमचा पट्टा तीन किलोच्या कुत्र्यावर म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या गळ्यात ७०० ग्रॅम.

जाहिरातीत सगळ्यात आकर्षक दिसतं ते 'व्हर्च्युअल कुंपण'. नकाशावर घराभोवती गोल काढा, कुत्रं बाहेर गेलं की नोटिफिकेशन येईल. आता आकडे पाहू. मोकळ्या आकाशाखाली फोनच्या जीपीएसमध्ये साधारण ५ मीटरची चूक असते, भिंतीजवळ आणि स्लॅबखाली ती वाढते. आपल्याकडचा ३० बाय ५० फुटांचा प्लॉट म्हणजे ९ बाय १५ मीटर. चुकीचं वर्तुळच जवळपास प्लॉटएवढं! एक तर खोटे इशारे येत राहतील, नाहीतर गोल मोठा काढावा लागेल आणि रस्ताही त्यात येईल.

त्यात वेळेचं गणित. छोटं कुत्रं घाबरून पळालं तर ताशी २० किलोमीटर सहज गाठतं, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. इशारा यायला ३० सेकंद लागले, तर तोवर ते १६५ मीटर लांब गेलेलं असू शकतं. आमच्या घरापासून तेवढ्यात हमरस्ता येतो.

शेतात राहणाऱ्यांना किंवा सोबत कुत्री घेऊन प्रवास करणाऱ्यांना जीपीएस पट्टा कामाचा आहे. गावातल्या छोट्या प्लॉटवर मात्र तो कुत्रं पळून गेल्यावर शोधायला मदत करतो, पळणं थांबवत नाही.

४. कॅमेरा : सगळं नको, फाटकच पाहा

वायफाय कॅमेरा घेतला की पहिल्या दिवशी दोनशे नोटिफिकेशन येतात, कारण तीन कुत्री दिवसभर हलतच असतात. चौथ्या दिवशी आपण नोटिफिकेशन बंद करतो आणि कॅमेरा नुसता भिंतीवर राहतो. उपाय सोपा आहे. ॲपमध्ये 'ॲक्टिव्हिटी झोन' हा पर्याय शोधा आणि फक्त फाटकाचा किंवा दाराचा चौकोन निवडा. 'पेट डिटेक्शन' असलेले कॅमेरे माणूस आणि प्राणी वेगळे ओळखतात, पण तुमच्या तिघांपैकी कोण बाहेर गेलं ते सांगतीलच असं नाही.

लोडशेडिंगमध्ये कॅमेऱ्याआधी राउटर बंद पडतो. म्हणून दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर ठेवा. आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते अशाच न बदललेल्या पासवर्डमुळे.

५. ज्याचं ॲप नाही, ते सगळ्यात आधी

माझ्या आईचं या सगळ्यावर एकच मत आहे : "गळ्यात मशीन बांधून का होते, पयले फाटकाची फट तं बुजव." इंजिनिअर म्हणून मला हे शंभर टक्के पटतं.

फाटक : तुमच्या सगळ्यात लहान कुत्र्याच्या डोक्याची रुंदी मोजा. डोकं जिथून जातं तिथून बहुतेक वेळा अंगही जातं. फाटकाचे गज आणि खालची फट त्यापेक्षा अरुंद करा, खाली दीड-दोन फूट बारीक जाळी बांधा. जमलं तर दारात किंवा ओट्यावर दुसरं छोटं फाटक लावा आणि नियम करा : एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. अनेक कुत्र्यांच्या घरात याहून चांगला उपाय मी पाहिलेला नाही.

रात्र : छोटी कुत्री रात्री अंगणात नकोत. अमरावतीत विद्यापीठ परिसरात बिबट्या दिसल्याच्या बातम्या आपण वाचतोच. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात (आपलं अकोला नव्हे) बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशोबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. नाइट व्हिजन कॅमेरा अशा वेळी फक्त व्हिडिओ देईल.

कूलर : वऱ्हाडात हे सगळ्यात महत्त्वाचं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि कुत्री कूलरच्या खाली, सांडलेल्या पाण्यात जाऊन बसतात. लोखंडी बॉडीत करंट उतरला असेल, तर ओले चार पाय, चप्पल नाही, आणि अंग बॉडीला टेकलेलं. "आमच्याकडे एमसीबी आहे ना" असं म्हणून चालत नाही. एमसीबी जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट झालं की पडतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला ५० मिलिअँपिअरची गळती कळतसुद्धा नाही, आणि तेवढी माणसाचाही जीव घेऊ शकते.

यासाठी असतो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे तो सतत तपासतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुठेतरी बाहेर जातोय, की सेकंदाच्या छोट्या भागात वीज तोडतो. अर्थिंग नीट असेल तर कोणी हात लावायच्या आधीच तो पडतो. त्यामुळे दोन्ही हवेत, आणि कूलरला तीन पिनचाच प्लग हवा. पाणी भरताना प्लग काढायचाच.

वायर : चार्जरच्या यूएसबी बाजूला ५ ते २० व्होल्ट असतात, तिथे शॉकपेक्षा गिळलेल्या तुकड्याची भीती जास्त. मिक्सर, टीव्ही, कूलरच्या वायरमध्ये २३० व्होल्ट असतात. त्या आधी प्लास्टिकच्या केसिंग पट्टीत घाला.

मग पैसे कोणत्या क्रमाने घालायचे?

१. फाटकाची जाळी आणि दुसरं दार
२. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी
३. रेबीजची लस (पुढची तारीख प्रत्येक कुत्र्याच्या नावाने फोनच्या कॅलेंडरमध्ये, कार्डाचा फोटो घरच्या सगळ्यांकडे)
४. मायक्रोचिप आणि तिची नोंदणी
५. फाटकावर एक कॅमेरा
६. गरज असेल तरच टॅग किंवा जीपीएस पट्टा

फोनमध्ये आपल्या जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा टोल फ्री नंबर सेव्ह करून ठेवा. प्रत्येक कुत्र्याचा समोरून आणि दोन्ही बाजूंनी एकेक स्पष्ट फोटोही ठेवा. हरवलं तर व्हॉट्सॲपवर टाकायला तोच लागतो.

आणि एक काम आज संध्याकाळीच करा. मीटरजवळच्या बोर्डात आरसीसीबी आहे का पाहा. असेल तर त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबा, वीज लगेच गेली पाहिजे. गेली नाही, किंवा आरसीसीबीच सापडला नाही, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. वीज गेली तरी त्या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते इलेक्ट्रिशियनकडून वेगळं तपासून घ्या. ट्रॅकरची ऑर्डर आठवडाभर थांबली तरी चालेल.