पावसाळ्यातलं गॅरेज

सकाळी ८
महाबळेश्वरचा जुलै. शटर वर केलं की आधी ढग आत येतो, मग मी. ऑइलमध्ये पाणी शिरल्याचा संशय असलेली एक जीप कालपासून उभी आहे. सेल्फ मारायच्या आधीच तिच्याखाली परात धरून ऑइल चेंबरचा नट अलगद ढिला करतो. ऑइलमध्ये सुटं पाणी असलं तर ते जड, रात्रभरात तळाशी बसतं आणि पहिलं बाहेर येतं. निव्वळ काळं ऑइल आलं. नट आवळला.

सकाळी ९.३०
शाळेतले सर चिंतेत. ऑइलच्या टोपीला आतून पिवळट-पांढरी साय धरलीय. “मिस्त्री, हेड गॅस्केट गेलं का हो? की पावसाचं पाणी शिरलं?”

डिपस्टिक काढली, ऑइलचा रंग नेहमीचाच. कूलंटची पातळी जागेवर, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. “सर, हे पाणी इंजिननेच बनवलंय. लिटरभर पेट्रोल जळलं की वाफेच्या रूपात साधारण लिटरभर पाणी होतं.” त्यातलं बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांमधून निसटून चेंबरकडे उतरतं. इंजिन तापलेलं असलं तर पीसीव्ही व्हॉल्व्ह ती वाफ ओढून परत इनटेककडे धाडतो. गार असलं तर ती टोपीच्या नि कव्हरच्या गार पत्र्यावर जमते आणि ऑइलशी घुसळली जाते. सरांचं घर ते शाळा दीड किलोमीटर. इंजिनला ऊब येते न येते तोच किल्ली फिरते.

साय पुसली, पीसीव्हीचा पाइप साफ केला, गाडी ठेवून घेतली.

सकाळी ११.३०
पर्यटकांची टॅक्सी, मागे पांढरा धूर. इथे मात्र डिपस्टिकवरच दुधाच्या चहाचा रंग, ऑइलची पातळी वाढलेली आणि कूलंटची बाटली रिकामी. तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकला, तडतडला. गॅस्केट गेलंय.

ड्रायव्हर म्हणतो, “वाईपर्यंत उतारच आहे, जाईल की!”

“जाईल, पण बेअरिंग घेऊन जाईल.” पाणी मिसळलेल्या ऑइलचा थर बेअरिंगवर टिकत नाही. गाडी जागेवर ठेवली. हेड उतरवून फेसिंगला पाठवायचं, जुनं ऑइल पूर्ण काढून टाकायचं.

दुपारी २
डबा खाऊन एक जुनी कार घेतली. तिचा तापमानाचा काटा तासभर चालवूनही तळाशीच. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकलाय. हा उपाय आमच्या धंद्यात फार चालतो. पण मग कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन कधीच पुरतं तापत नाही आणि ओल आतच मुरते. ओलीसोबत आम्ल होतं, ते ऑइलमधली रसायनं खात जातं. नवा थर्मोस्टॅट बसवला.

दुपारी ४
सरांच्या गाडीची ट्रायल. पाचगणी ओलांडून पसरणी घाटात थोडं खाली जातो नि परत फिरतो. उतारावर इंजिनला काम नसतं. खरं तापतं ते चढताना. आमच्या १,३७२ मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं. ऑइल तितकं तापलं की ओल भराभर निघते. पण कूलंटचा काटा मध्यावर आला तरी ऑइल मागेच असतं, त्याला आणखी वेळ द्यावा लागतो. दारात उभी करून इंजिन नुसतं चालू ठेवणं हा त्यावर उपाय नाही. तसं ते तापतं सावकाश आणि पेट्रोल मात्र जळतच राहतं.

संध्याकाळी ६.३०
जळकं ऑइल पिंपात ओतून झाकण लावलं. पोऱ्या हात धुतोय. सर आले.

“ऑइल दहा हजार किलोमीटरला बदलायचं ना? माझी तर वर्षात तीन हजारही चालत नाही.”

“म्हणूनच तुमचं लवकर बदलायचं. किलोमीटर बघू नका, सहा महिने झाले की या. आठवड्यातून एकदा वाईला जाऊन या, घाट चढत परत या.”

“आणि शाळेत?”

“चालत.”

सरांनी बाहेरच्या पावसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मिस्त्री, सहा महिन्यांची तारीख लिहा वहीत.”