विद्यापीठ आणि युद्धनीती (लेखांक ५) : तेहतीस सह्या

मागच्या लेखांकात शीतयुद्धाच्या काळातले अभ्यासक आपण पाहिले. अण्वस्त्रांच्या धाकाचे गणित त्यांनी मांडले आणि वॉशिंग्टनने ते कान देऊन ऐकले. आज त्याच परंपरेतल्या विद्वानांचे कोणी ऐकले नाही, त्या वेळेविषयी.

२६ सप्टेंबर २००२ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक जाहिरात छापून आली. इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचे नाही, असे तीत म्हटले होते. खाली आंतरराष्ट्रीय सुरक्षेच्या ३३ अभ्यासकांच्या सह्या होत्या आणि जाहिरातीचे पैसेही त्यांनीच भरले होते. शिकागो विद्यापीठाचे जॉन मिअरशायमर, हार्वर्डचे स्टीफन वॉल्ट, कोलंबियाचे केनेथ वॉल्ट्झ आणि रॉबर्ट जर्व्हिस, शिवाय पुढे २००५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले टॉमस शेलिंग. या विषयाचा विद्यार्थी ज्यांची पुस्तके वाचून घडतो, ती ही माणसे.

युद्धाला सरसकट विरोध करणारी ही मंडळी नव्हती. बळ कधी वापरावे आणि कधी आवरावे, हाच त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनने अल-कायदाशी हातमिळवणी केल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असे त्यांनी लिहिले. इराक आतून दुभंगलेला देश आहे, तिथे वर्षानुवर्षे ठाण मांडावे लागेल आणि बाहेर पडायची वाट कोणी आखलेली नाही, हेही लिहिले.

अमेरिकी सरकारची बाजू मात्र मुख्यतः एका गोष्टीवर उभी होती : इराककडे महासंहारक अस्त्रे असल्याची गुप्त माहिती आमच्याकडे आहे, ती तुमच्याकडे नाही. प्राध्यापकांकडे ती नव्हतीच. पण अस्त्रांबाबतच्या त्यांच्या युक्तिवादाला तिची गरजही नव्हती. सद्दामला अणुबॉम्ब मिळाला असे धरून चालले, तरी अमेरिकेच्या किंवा इस्रायलच्या प्रचंड प्रतिहल्ल्याला तोंड दिल्याशिवाय त्याला तो वापरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. १९९१ च्या आखाती युद्धात रासायनिक अस्त्रे हाताशी असूनही त्याने ती अमेरिकी फौजांवर सोडली नव्हती. म्हणजे अस्त्रांविषयीची सरकारची माहिती शंभर टक्के खरी मानली, तरी युद्धाचे कारण सिद्ध होत नव्हते. विद्यापीठीय अभ्यासाचे खरे बळ मला इथे दिसते, आणि वादाच्या गदारोळात नेमके तेच मागे पडले.

दोन आठवड्यांतच अमेरिकी संसदेने युद्धाचा अधिकार दिला : प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. मार्च २००३ मध्ये फौजा इराकमध्ये घुसल्या. अस्त्रांचे साठे नव्हतेच, हे २००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास पथकाने सांगितले. फौजा परतायला २०११ चा डिसेंबर उजाडला.

पुढील लेखांकात १९७० चा मे महिना : अमेरिकेच्या कंबोडियावरील चढाईनंतर हार्वर्डचे प्राध्यापक आपल्याच एका जुन्या सहकाऱ्याला, तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांना, जाब विचारायला गेले, ती भेट.