फाइल कोठे अडली?

जबलपूर जिल्ह्यातील पाटनचा परिसर हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळा सरताच पेरणीची लगबग सुरू होते आणि शाखेत किसान क्रेडिट कार्डाच्या अर्जांची गर्दी होते. माझ्या तेथील पहिल्याच हंगामात एका शेतकऱ्याने विचारले, "साहब, मेरी फाइल कहाँ तक पहुँची?" उत्तरासाठी मला तीन टेबले फिरावी लागली. फाइल जमिनीच्या कागदपत्रांच्या पडताळणीत अडली होती आणि ते कोणाच्याच ध्यानात नव्हते. कर्ज मंजूर झाले, तोवर पेरणीचा मोसम उलटला होता.

त्यानंतर आम्ही आतल्या खोलीत एक फलक लावला. त्यावर ‘आलेले’, ‘पडताळणीत’, ‘मंजुरीसाठी’ आणि ‘पूर्ण’ असे चार रकाने आखले. प्रत्येक अर्जाची एक चिठ्ठी केली. तीवर खातेदाराचे नाव नाही, केवळ अर्ज क्रमांक व तारीख. काम पुढे सरकले की चिठ्ठीही सरकवायची.

ही कल्पना नवी नव्हे. जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ‘कानबान’ पद्धत रुजविली. पुढच्या टप्प्याकडून कार्ड आल्याशिवाय मागच्याने सुटा भाग बनवायचा नाही, हे तिचे सूत्र होय. 2011 साली आलेल्या ‘ट्रेलो’सारख्या संगणकीय साधनांनी अशी कार्डे पडद्यावर आणली. त्यामुळे दूरदूरच्या सहकाऱ्यांनाही एकच फलक एकाच वेळी पाहता येऊ लागला.

तथापि, फलक लावल्याने काम आपोआप होत नाही. आमचा दुसरा रकाना लवकरच चिठ्ठ्यांनी ओसंडू लागला. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो: रकान्यात सरासरी वीस अर्ज असतील आणि रोज चार निघत असतील, तर प्रत्येक अर्ज तेथे सरासरी पाच दिवस थांबतो. म्हणून आम्ही त्या रकान्याला आठ चिठ्ठ्यांची मर्यादा घातली. मर्यादेने रांग नाहीशी होत नाही, हे खरे. परंतु रकाना भरला की नवी फाइल उघडण्याऐवजी शेजारच्या टेबलावरील सहकारी अडलेल्या फाइलीच्या मदतीला जातो. फलकाचे खरे काम हेच.

आपणही शाखेत आल्यावर "काम झाले का?" एवढेच न विचारता, "ते कोणत्या टप्प्यावर आहे?" असे अवश्य विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर जागच्या जागी देता येणे, हे आमचे कर्तव्य आहे.