पाच लाख किलोमीटरनंतरची अश्वशक्ती

मालवाहू ट्रक जुना झाला की त्याच्या शक्तीचा निवाडा बहुधा कानावर आणि अंदाजावर होतो. गाडी दम घेत नाही, चढाला मरते, लोड ओढत नाही, असे चालक सांगतो आणि धुराचा रंग पाहून व इंजिनाचा आवाज ऐकून मिस्त्री हाफ इंजिन करायचे की फुल, हे ठरवतो. या अनुभवाची किंमत मोठी आहे, परंतु शक्ती नेमकी किती घटली आणि ती इंजिन, क्लच, गिअरबॉक्स व चाक यांपैकी कुठे हरवली, हे कानाला सांगता येत नाही. ते मोजावे लागते, आणि मोजण्याच्या यंत्राला डायनॅमोमीटर म्हणतात.

75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यासाठी लागणारी शक्ती म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजेच सुमारे 735.5 वॅट. इंजिनाची शक्ती मात्र वजन उचलून थेट मोजता येत नाही. फिरत्या दांड्याचा पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, आणि त्याचे मिनिटाला होणारे फेरे या दोहोंच्या गुणाकारातून ती काढावी लागते. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला फेऱ्यांनी गुणून 9549 ने भागले की किलोवॅट मिळतात. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने 1821 मध्ये फिरत्या दांड्याभोवती लाकडी ठोकळे आवळले, त्यांना लांब तरफ जोडली आणि ती फिरू न देण्यासाठी टोकाला किती वजन लावावे लागते ते पाहिले. दांड्याला रोखून शक्ती मोजणारे आजचे डायनॅमोमीटर याच कल्पनेचे वंशज आहेत. पुढे विल्यम फ्रूड याने जहाजांच्या इंजिनांसाठी ठोकळ्यांच्या जागी पाणी वापरले.

ट्रकचे इंजिन न उतरवता चाचणी घ्यायची असेल, तर चॅसिस डायनॅमोमीटर लागतो. त्यात मागची चाके जमिनीत बसवलेल्या पोलादी रोलरवर उभी राहतात आणि गाडी जागच्या जागी धावते. केवळ जड रोलरला वेग देण्यास किती वेळ लागला यावरून शक्ती काढणारी यंत्रेही आहेत. पण त्यांत इंजिनावर भार काही क्षणच राहतो, म्हणून टर्बो बसवलेल्या, सावकाश जोर धरणाऱ्या ट्रकसाठी रोलरला मुद्दाम रोखून धरणारे यंत्र अधिक भरवशाचे ठरते. हे रोखणे पुष्कळदा विद्युतचुंबकाने होते. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या धातूच्या तबकडीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उत्पन्न होतात, ते तिच्या फिरण्याला विरोध करतात आणि गाडीची सगळी शक्ती उष्णतेत बदलते. ही उष्णता थोडीथोडकी नसते: 110 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 81 किलोवॅट, दोन किलोवॅटचे चाळीस गीझर एकदम लावल्यासारखे.

भारतीय रस्त्यांवर वर्षानुवर्षे दिसलेला टाटा 1613 उदाहरणासाठी घेता येईल. नावातील 16 हा आकडा भारासह एकूण वजन टनांत सांगतो आणि 13 हा अश्वशक्ती दहाच्या पटीत, म्हणजे साधारण 130. त्याच्या 697 इंजिनाच्या नावातही अर्थ आहे: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 97 मिलीमीटर. आता ही 130 अश्वशक्ती फ्लायव्हीलवरची असते. गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि टायर आपापला वाटा घेतात, आणि हा वाटा 15 टक्के धरला तर अगदी नव्या गाडीतही रोलरपर्यंत 110 च्या आसपासच पोहोचते. रोलरवर 105 दिसले म्हणून इंजिन खोलायला काढणे हा म्हणूनच निव्वळ अपव्यय होय.

चाचणीपूर्वीची तयारी निष्काळजीपणाला वाव देत नाही. गाडी साखळ्यांनी वा पट्ट्यांनी जखडली जाते, इंजिन आणि डिफरन्शियलचे ऑइल चालवून गरम केले जाते, उभ्या गाडीला वाऱ्याचा झोत मिळत नाही म्हणून रेडिएटरपुढे मोठा पंखा लावला जातो. टायर रिमोल्डचे असतील तर ते बदलूनच गाडी रोलरवर चढवावी, कारण छोट्या रोलरच्या गोलाईवर टायर जास्त दबतो, तापतो आणि चिकटवलेला थर सुटून उडू शकतो. नंतर ज्या गिअरमध्ये गिअरबॉक्समध्ये येणारा आणि बाहेर पडणारा दांडा सारख्याच वेगाने फिरतो, तो थेट गिअर निवडतात, कारण त्यात घर्षणाचा तोटा सर्वांत कमी असतो. आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, रोलर रोखत रोखत, फेऱ्यांच्या प्रत्येक टप्प्यावरचा टॉर्क नोंदवतात.

जाणकार तंत्रज्ञ सर्वोच्च आकड्याआधी आलेखाचा आकार पाहतो. एकाच गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आणि रोलरचा वेग यांचे प्रमाण कायम राहायला हवे. इंजिनाचे फेरे वाढले आणि रोलर मागे राहिला, तर क्लच किंवा टायर घसरतो आहे. टॉर्क सर्वत्र सारखाच कमी असेल, तर आधी ॲक्सिलरेटरची झिजलेली जोडणी इंधन पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत नेते का, हे पाहावे; पाच लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत हा दोष नवलाचा नाही आणि तो काही मिनिटांत दूर होतो. चोंदलेला एअर फिल्टर, टर्बोच्या नळीला गेलेला तडा, न सुटणारा ब्रेक ही कारणेही तितकीच स्वस्त आहेत. ती सारी निकालात निघाल्यावरच लायनर व रिंगांच्या झिजेकडे वळावे. तिची खूण म्हणजे क्रँककेसमध्ये उतरणारा दाब, ज्याला ब्लो-बाय म्हणतात.

उलट प्रकार अधिक फसवा आहे. जुन्या गाडीच्या पंपाचा स्क्रू कोणी वाढवून ठेवला असेल, तर ती मूळ शक्तीपेक्षाही जास्त आकडा दाखवू शकते. काळा धूर आणि एक्झॉस्टचे वाढलेले तापमान यांकडे दुर्लक्ष झाले, तर पिस्टन जाळू पाहणारे इंजिन ठणठणीत ठरते. हवेचाही हिशोब ठेवावा लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच असल्याने तेथील हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण 6 टक्के कमी असतो, म्हणून दोन्हीकडचे आकडे प्रमाणित तापमान व दाबाला आणल्याखेरीज त्यांची तुलना करू नये.

घटलेली शक्ती चालकाला घाटात भोवते. 16 टनांचा ट्रक 5 टक्के चढावर, योग्य गिअर मिळाला असे धरून, चाकांवरील 110 अश्वशक्तीने ताशी सुमारे 32 किलोमीटर वेग राखतो. ती 85 वर आली की वेग 25 च्याही किंचित खाली येतो आणि दहा किलोमीटरच्या चढाला साडेपाच मिनिटे जास्त लागतात, इंधन जळते ते वेगळेच. पीयूसीची डिझेल-धूर चाचणी गाडी उभी असताना, भाराविना इंजिनाचे फेरे वाढवून होते, आणि फिटनेस केंद्रातील रोलर ब्रेक तपासतात. शक्ती यांपैकी कोणीच मोजत नाही. म्हणून ट्रकमालकांनी गाडी चांगली चालत असतानाच एकदा डायनॅमोमीटरवरचा आलेख काढून घ्यावा, त्यावर तारीख, किलोमीटर, तापमान आणि वापरलेला गिअर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा, आणि पुढे कधी गाडी दम घेईनाशी झाली तर हेड उघडण्याआधी त्याच गिअरमध्ये दुसरा आलेख काढून दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.