घराच्या कागदावर सह्या कोणाच्या?

बहुतेक कुटुंबे आयुष्यात एकदाच घर घेतात. आखातात घालवलेली वर्षे, भिशीचे पैसे, मोडलेले दागिने, भावाकडून घेतलेली उसनवारी, सगळे त्या एका व्यवहारात जाते. घर बघताना आपण पाणी किती वेळ येते ते विचारतो, मशीद आणि शाळा किती लांब आहे ते पाहतो, किमतीत घासाघीस करतो. मात्र विकणाऱ्याला हे घर विकण्याचा पूर्ण हक्क आहे का, हे विचारायला संकोच वाटतो. ओळखीतला माणूस, नमाजी माणूस, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा?

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे जुने दस्त वाचून घ्यायला पालक आमच्याकडे येतात. आम्ही वकील नाही आणि हा लेख वकिलाच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. पण प्रश्न तेच ते असतात, म्हणून ते एकत्र मांडत आहोत. आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरामधील २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. कागद मागणे म्हणजे अविश्वास नव्हे.

साठेखत झाले, घर आपले झाले का?

नाही. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या घर-जमिनीची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच बदलते. नोटरीसमोर शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर केलेला कागद कितीही शिक्क्यांचा असला तरी तो खरेदीखत होत नाही. केवळ मुखत्यारपत्र आणि साठेखत करून घर विकण्याची जी पद्धत पडली होती, तिने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. दस्तावर सह्या झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाकडे नोंदणीसाठी द्यावा लागतो.

सातबाऱ्यावर दोन भावांची नावे आहेत, त्यांच्या सह्या पुरेशा नाहीत का?

सर्वांत जास्त भांडणे इथेच होतात. सातबारा, मिळकत पत्रिका किंवा नगरपालिकेच्या कराची पावती यांवर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही. फेरफार नोंद मुख्यतः महसुलाच्या कामासाठी असते. आपल्याकडे माणूस वारला की त्याच क्षणी त्याच्या सर्व वारसांचा हिस्सा ठरतो. त्यांची नावे कागदावर चढली नाहीत म्हणून तो बुडत नाही.

उदाहरण घेऊ. मरहूमांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. मरहूमांचे आईवडील हयात नाहीत. कर्ज आणि बाकी राहिलेला मेहर फेडल्यावर घराचे ४८ भाग केले, तर पत्नीला ६, प्रत्येक मुलाला १४ आणि प्रत्येक मुलीला ७ भाग येतात. आता दोन्ही मुलांनीच खरेदीखतावर सह्या केल्या तर घेणाऱ्याला मिळतात ४८ पैकी २८ भाग. त्याने पैसे मोजले पूर्ण घराचे. उरलेले २० भाग आई आणि बहिणींचेच राहतात, आणि त्या किंवा त्यांची मुले कोर्टात वाटप मागू शकतात.

म्हणजे बहिणींना डावलून केलेल्या व्यवहारात दोन घरांचे नुकसान होते. बहिणीचा हक्क जातो आणि घेणाऱ्याची कमाई अडकते. "बहिणींनी माफ केले आहे" हे तोंडी सांगणे चालत नाही. त्यांनी खरेदीखतावर स्वतः सही करावी किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. वडील हयात असताना मुलीकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडीवर विसंबू नये, कारण तेव्हा तिचा हक्क निर्माणच झालेला नसतो. वडिलांच्या नंतर एखादी बहीण वारली असेल तर तिचा हिस्सा तिच्या पतीकडे, मुलांकडे आणि इतर वारसांकडे जातो. त्यांच्याही सह्या हव्यात.

वारसांत लहान मुले असतील तर?

तरुण माणूस वारला आणि त्याची विधवा घर विकते आहे, असे अनेकदा घडते. तिची गरज खरी असते. पण मुस्लिम कायद्यात आई ही मुलांच्या मालमत्तेची कायदेशीर पालक मानली जात नाही. जिल्हा न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक आणि विक्रीची परवानगी घेतल्याशिवाय तिने मुलांचा हिस्सा विकला, तर त्या हिश्श्याची विक्री टिकत नाही. मुले सज्ञान झाल्यावर आपला हिस्सा मागू शकतात. अशा वेळी घाई न करता आधी न्यायालयाची परवानगी घ्यायला लावणे हेच त्या विधवेच्या आणि यतीम मुलांच्या हिताचे आहे.

"अब्बांनी मला हिबा केले होते" असे विकणारा म्हणतो, त्याचे काय?

तोंडी हिबा आपल्या कायद्यात वैध आहे. मात्र देणाऱ्याने जाहीर केले, घेणाऱ्याने स्वीकारले आणि ताबा दिला गेला, या तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. म्हणून बाकीच्या वारसांना खरेदीखतात मान्यता देणारे म्हणून सामील करावे. आखातातल्या भावाचे मुखत्यारपत्र असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेले असावे, आणि इथे आल्यावर ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागलेला असावा. मुखत्यारपत्र देणारा हयात आहे ना, तेही पाहावे. सामान्यपणे त्याच्या मृत्यूबरोबर ते संपते.

फ्लॅट घेताना काय पाहावे?

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि फ्लॅट ८ पेक्षा जास्त असतील तर नव्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मागावे. जुन्या इमारतीत फ्लॅट घेत असाल तर जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का, हे जरूर विचारावे. झाले नसेल तर जमीन बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावरच असते आणि पुनर्विकासाच्या वेळी गाडी अडते. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर २००८ च्या दुरुस्तीनंतर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. जमीन वक्फची नाही ना, हेही तपासावे. वक्फची जमीन विकत घेऊन मालकी मिळत नाही.

घर कोणाच्या नावावर घ्यावे?

महाराष्ट्रात निवासी घर फक्त स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पती-पत्नीच्या संयुक्त नावाला ती मिळत नाही. पण सवलतीसाठी पत्नीचे नाव लावायचे आणि घर मात्र आपलेच समजायचे, असे करू नये. दस्त तिच्या नावे झाला की कागदोपत्री मालकी तिची, आणि तिच्या पश्चात वारसाही तिच्याकडूनच चालतो. पैसे दोघांचे असतील तर दोघांची नावे लावून प्रत्येकाचा हिस्सा दस्तात लिहावा.

इसार देण्याआधी एवढे करा. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. बँकेचा बोजा आहे का आणि कोर्टात दावा चालू आहे का, ते पाहा. विकणाऱ्याच्या घरी जा आणि कुटुंबात कोण कोण आहे ते विचारा. बहिणी कुठे दिल्या आहेत, हा प्रश्न आपल्याकडे सहज विचारला जातो. उत्तर लिहून घ्या आणि खरेदीखतावर तेवढ्या सह्या आहेत की नाहीत, ते मोजा.