इंजिन नसलेली गाडी

वाफेच्या गाडीची खरी पंचाईत व्हायची ती शेवटच्या स्थानकात. मुंबईच्या तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसमध्ये (व्हीटी) रूळ बफरपाशी संपत. गाडी आत शिरली की इंजिन बफर आणि डबे यांच्यामध्ये कोंडले जाई. मग दुसऱ्या टोकाला नवे इंजिन जोडायचे, गाडी निघाली की आधीचे सोडवायचे, त्याला कोळसा-पाणी द्यायचे. एवढा खटाटोप होईपर्यंत फलाट अडलेला.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला या सुमारे १६ किलोमीटरच्या हार्बर मार्गावर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची विजेवरची गाडी धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी उद्घाटन केलेली ही देशातली पहिली विद्युत गाडी. वीज आली एवढीच गोष्ट आपण सांगतो. पण या गाडीला इंजिनच नव्हते, हे मला अधिक मोलाचे वाटते. मोटारी प्रवासी डब्यांच्याच खाली, चाकांच्या आसांना जोडलेल्या होत्या. दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन. परतीला निघायचे तर फक्त केबिन बदलायची.

ही कल्पना अमेरिकी अभियंता फ्रँक स्प्रेग यांची. १८९७ मध्ये त्यांनी शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड रेल्वेसाठी ती सिद्ध केली. अनेक डब्यांतल्या मोटारी एकाच माणसाच्या हुकमतीत कशा आणायच्या? मोटारींचा जबर प्रवाह चालकाच्या हाताशी आणणे धोक्याचे. स्प्रेग यांनी गाडीभर बारीक नियंत्रण-तारा खेळवल्या. पुढच्या केबिनमधला हँडल फक्त संकेत देतो. मोठा प्रवाह जोडण्या-तोडण्याचे काम प्रत्येक मोटार-डब्यातले स्विच करतात. त्यामुळे सगळ्या मोटारी एकदमच सुरू होतात.

लोकलचा वेग यातच आहे. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीला कमाल वेगापेक्षा पिकअप महत्त्वाचा. वाफेच्या गाडीत एकट्या इंजिनाची चाके रुळाला धरून ओढतात. इथे प्रवाशांसकट डब्यांचे वजनच चाकांना पकड देते आणि ती पकड गाडीभर वाटलेली असते.

मुंबईने १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह निवडला, कारण डीसी सिरीज मोटार सुरुवातीलाच सर्वांत जास्त जोर लावते. तिला एकदम पूर्ण विद्युतदाब दिला तर मात्र ती जळेल. म्हणून आधी मध्ये रोध घालून ते टप्प्याटप्प्याने काढत. जुन्या लोकलमध्ये निघताना बसणारे हिसके हे त्या टप्प्यांचेच. दाब कमी असल्याने प्रवाह मात्र मोठा लागे. जाड तांब्याच्या तारा आणि जवळजवळ उपकेंद्रे आली. याउलट नंतर आलेल्या २५ हजार व्होल्टच्या एसीवर तेवढ्याच शक्तीला प्रवाह सुमारे सतरापटीने कमी पुरतो. एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरची शेवटची डीसी लोकल धावली आणि मुंबईतली ही व्यवस्था इतिहासजमा झाली.

प्रवाह बदलला, मोटारी बदलल्या. स्प्रेग यांची मांडणी तशीच राहिली. पुढच्या वेळी फलाटावर गाडी थांबली की छतावर पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा, असलेला डबा शोधा. तुमची गाडी ओढणाऱ्या मोटारी अशाच डब्यांच्या खाली आहेत.